घरच्या ओटीजीत लादी पाव : पहिल्या भाजणीपासून

घरी पाव भाजायचे मनावर घेणारे बरेच जण सुरुवातच अवघड जागी करतात. जाड, खरपूस, वरून तडकलेल्या कवचाचा युरोपीय धाटणीचा गोल पाव कुठेतरी व्हिडिओत दिसतो आणि पहिल्याच रविवारी तो करायला घेतला जातो. त्या पावाला २३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापणारी भट्टी, भाजणीच्या पहिल्या काही मिनिटांत भरपूर वाफ आणि १२-१३ टक्के प्रथिने असलेला मैदा लागतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओटीजीचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या ओव्हन-टोस्टर-ग्रिलरचा, काटा बहुधा २३० किंवा २५० वर थांबतो, वाफ दाराच्या फटीतून निसटून जाते आणि वाण्याकडचा मैदा तेवढ्या ताकदीचा नसतो. हाती येतो तो फिकट, दडस गोळा, आणि मग ‘आपल्याला पाव जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. म्हणून सुरुवात लादी पावापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात थोडे दूध, लोणी आणि साखर असल्यामुळे तो मध्यम आचेवर नीट भाजतो, साध्या मैद्यात जमतो आणि गोळे एकमेकांना चिकटून फुगत असल्यामुळे आकारातली उणीव झाकली जाते.

दुसरी अडचण हवेची आहे. परदेशी पाककृतींमध्ये ‘एक तास फुगू द्या’ असे लिहिलेले असते तेव्हा लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात २०-२२ अंश तापमान असते. मे महिन्यात नागपूरच्या ओट्यावर तेच पीठ पाऊण तासात हद्दीबाहेर जाते आणि डिसेंबरात नाशिकला दोन तासांनीही ढिम्म हलत नाही. त्यामुळे या लेखात वेळा दिल्या असल्या तरी त्या अंदाजासाठी आहेत. पीठ कोणत्या अवस्थेला पोहोचले की पुढे जायचे, हेच प्रत्येक पायरीवर पाहायचे आहे.

साहित्य आणि वजनकाटा

पहिली खरेदी वजनकाट्याची करावी. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा काटा पुरतो. वाटीने मोजण्यात मोठी गफलत होते; हलक्या हाताने भरलेल्या एका कपात १२० ग्रॅम मैदा मावतो, तर दाबून भरलेल्या त्याच कपात १५० ग्रॅम. पाणी मात्र दोन्ही वेळा तेवढेच पडते, आणि मग पीठ एकदा सैल तर एकदा घट्ट का झाले, याचा उलगडा होत नाही.

आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरच्या चौकोनी केकच्या डब्यात नऊ पाव बसतात. त्यासाठी ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम दूध, ९० ग्रॅम पाणी, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ६ ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम साखर आणि २५ ग्रॅम लोणी घ्यावे. बेकरीवाले प्रत्येक घटक मैद्याच्या टक्केवारीत मांडतात : मीठ दोन टक्के, यीस्ट एक टक्का, साखर पाच टक्के. ही पद्धत सुरुवातीलाच अंगवळणी पडली तर नवाचे अठरा पाव करताना कागद-पेन घ्यावे लागत नाही.

मैद्याच्या पाकिटावरचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचावा. १०० ग्रॅममागे १० ते ११ ग्रॅम प्रथिने असतील तर उत्तम. पाणी घालून मळल्यावर या प्रथिनांपासूनच ग्लूटेनचे जाळे तयार होते आणि यीस्टने सोडलेला वायू त्या जाळ्यात अडकून पाव फुगतो. लोणी घरचे, ताकावर काढलेले असले तरी चालते, पण ते पाण्याखाली धुऊन आंबटपणा काढलेला असावा. बाजारचे खारे बटर वापरायचे असल्यास मीठ ५ ग्रॅमवर आणावे. मिठाला केवळ चवीची बाब समजून ते वगळण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण मीठ ग्लूटेनला कस देते आणि यीस्टच्या वेगाला लगाम घालते. बिनमिठाचे पीठ भराभर फुगते, पसरते आणि बेचव होते.

यीस्टबद्दल थोडे विस्ताराने

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत पाव रुजला, तेव्हा पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर, म्हणजे माडी, वापरली. सुरेत नैसर्गिक यीस्ट असते आणि गोव्याच्या उष्ण, दमट हवेत ते जोमाने वाढते. घरी आपण जे कोरडे यीस्ट आणतो ते त्याच जातकुळीतले, पण निवडून वाढवलेले आणि वाळवलेले असते. ते जिवंत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याच्या बाबतीतल्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

कोरडे यीस्ट दोन प्रकारचे मिळते. इन्स्टंट यीस्ट बारीक दाण्यांचे असते आणि ते थेट मैद्यात मिसळता येते. अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्टचे दाणे जाडसर असतात आणि ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागतात. ओळखीच्या बेकरीतून ओले यीस्ट मिळाले तर तेही उत्तम, फक्त ते इन्स्टंटच्या तिप्पट, म्हणजे येथे ९ ग्रॅम घ्यावे आणि फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन आठवड्यांत संपवावे. बेकिंग पावडर, खाण्याचा सोडा किंवा फळक्षार हे यीस्टचे पर्याय नव्हेत. त्यांची क्रिया रासायनिक आणि क्षणिक असते, आणि त्यांनी केलेला पाव केकसारखा भुसभुशीत होतो, त्याला धागे सुटत नाहीत.

पाकीट नवे असले तरी पहिल्या खेपेला यीस्टची परीक्षा घ्यावी. एकूण ९० ग्रॅम पाण्यातले ५० ग्रॅम पाणी वेगळे काढून कोमट करावे, त्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. वर मलईसारखा फेस जमला आणि ताज्या, किंचित आंबूस वासाची जाणीव झाली तर यीस्ट चांगले आहे. पाणी जसेच्या तसे राहिले तर त्या यीस्टच्या भरवशावर मैदा भिजवू नये. कोमट याचा अर्थ ३५ ते ४० अंश. बोट बुडवल्यावर गरम लागते ते पाणी यीस्टसाठी जास्तच आहे, कारण ५५ अंशांच्या पुढे यीस्ट मरू लागते. उघडलेले पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत रिकामे करून फ्रीझरमध्ये ठेवावे.

भिजवणे आणि मळणे

मळून झालेल्या पिठाचे तापमान २६ अंशांच्या आसपास असावे, म्हणजे यीस्टचा वेग आपल्या हातात राहतो. त्यासाठी ढोबळ हिशेब असा, की ५२ मधून मैद्याचे तापमान वजा करावे आणि जे उरेल तेवढ्या तापमानाचे दूध-पाणी घ्यावे. उन्हाळ्यात डब्यातला मैदाच ३५ अंशांवर असतो, तेव्हा दूध-पाणी १७ अंशांचे, म्हणजे फ्रिजमधले चालते; त्या दिवशी यीस्ट भिजवण्यासाठी घेतलेले थोडे कोमट पाणीही आधी निवू द्यावे. थंडीत मैदा २० अंशांवर असेल तर ३२ अंशांचे, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागणारे दूध-पाणी घ्यावे. थर्मामीटर नसल्यास ‘उन्हाळ्यात गार, थंडीत कोमट’ एवढे पाळले तरी पुष्कळ काम होते. पाककृतीत कोमट पाणी लिहिले आहे म्हणून मे महिन्यातही कोमट पाणी घेणे, ही मला सर्वांत अधिक आढळलेली चूक आहे.

परातीत मैदा, साखर, यीस्ट, दूध आणि पाणी एकत्र करावे. मीठ आणि लोणी अजून घालायचे नाही. पाण्यातले १०-१५ ग्रॅम हातचे राखावे, कारण पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, मैदा आधीच हवेतली ओल धरून असतो आणि तेवढे पाणी लागत नाही. कोरडे पीठ कुठे दिसत नाही इतपतच कालवून परात ओल्या फडक्याने झाकावी आणि २० मिनिटे सोडून द्यावी. या निवांत वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लूटेन मळण्यावाचूनच बांधले जाऊ लागते. ही पायरी गाळली तर पुढचे मळणे जवळजवळ दुप्पट वाढते.

त्यानंतर मीठ पसरवून मळायला घ्यावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असेल, हाताला आणि ओट्याला चिकटेल, आणि नेमका येथेच मूठभर कोरडा मैदा टाकण्याची अनिवार इच्छा होईल. तो टाकू नये. पोळीसाठी आपण कणीक तिंबतो, तेल लावून मऊ करतो; येथे पिठाला ताणायचे आहे. तळहाताच्या मांसल भागाने पीठ पुढे रेटावे, टोक धरून आपल्याकडे दुमडावे, पाव फेरा फिरवावे आणि पुन्हा रेटावे. ओट्याला चिकटलेले पीठ सपाट कालथ्याने खरवडून पुन्हा गोळ्यात घ्यावे. पाच-सहा मिनिटांनी चिकटपणा कमी होऊ लागतो. तेव्हा मऊ लोणी तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. लोणी घालताच सगळे विस्कटल्यासारखे, ओघळल्यासारखे वाटेल, पण मळत राहिल्यावर दोन मिनिटांत ते जिरते.

हाताने मळताना एकूण १० ते १२ मिनिटे लागतात. झाले की नाही हे पाहण्यासाठी लिंबाएवढा तुकडा तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू चहूकडे ताणावा. त्याचा पातळ पडदा होऊन खिडकीसमोर धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला, तर मळणे पुरे झाले. पडदा लगेच फाटला आणि फाटलेली कड दातेरी दिसली, तर आणखी तीन-चार मिनिटे मळावे. लोण्यामुळे पडद्याला बारीक भोक पडले पण त्याची कड गुळगुळीत राहिली, तर काळजीचे कारण नाही.

पहिले फुगणे

पीठ पसरट पातेल्यात ठेवले की ते किती वाढले याचा अंदाज येत नाही. उभट, पारदर्शक डब्याला आतून तेलाचा हात लावून त्यात पीठ ठेवावे आणि पिठाच्या पातळीवर बाहेरून रबर बँड चढवावा. दुप्पट झाले की नाही, याबद्दलचा वाद तेथेच मिटतो. ३० अंशांच्या हवेत याला ४५ मिनिटे ते एक तास लागतो, २० अंशांत दीड ते दोन तास. थंडीत ओटीजी न लावता तिच्यात डबा आणि शेजारी गरम पाण्याचे भांडे ठेवून दार बंद करावे. कडक उन्हाळ्यात यीस्ट पाव चमचा कमी करावे.

बोट कोरड्या मैद्यात बुडवून पिठात दोन पेरे खुपसावे. खड्डा तसाच राहिला किंवा अगदी सावकाश थोडासा भरला, तर पीठ तयार आहे. खड्डा चटकन भरून आला तर अजून वेळ आहे. बोट खुपसताच पीठ फुसकन खाली बसले आणि दारूसारखा वास आला, तर वेळ टळून गेली आहे. तरीही ते फेकू नये, पुन्हा हलके मळून गोळे करावेत, पाव थोडे आंबूस आणि कमी उंचीचे होतील इतकेच.

सवड नसेल तर हाच डबा पहिली २० मिनिटे बाहेर ठेवून मग रात्रभर, ८ ते १२ तास, फ्रिजमध्ये ठेवता येतो. गारव्यात यीस्ट मंदावते, पण चव देणारी आम्ले आणि इतर द्रव्ये सावकाश तयार होत राहतात. नोकरी करणाऱ्यांना मी हीच पद्धत सुचवेन : रात्री जेवणानंतर मळावे, सकाळी गोळे करावेत. गार पिठाचे गोळे वळायलाही सोपे जातात.

गोळे वळणे

फुगलेले पीठ ओट्यावर काढून तळहाताने हलकेच दाबावे, म्हणजे मोठे बुडबुडे निघून जातात. आता वजन करून नऊ भाग करावेत. प्रत्येक भाग साधारण ६० ग्रॅमचा होईल. अंदाजाने केलेल्या भागांमध्ये एखादा ४५ ग्रॅमचा आणि एखादा ७५ ग्रॅमचा निघतो, आणि लहान पाव कोरडा पडेपर्यंत मोठा आत ओला राहतो. भाग झाल्यावर ते फडक्याखाली दहा मिनिटे विसावू द्यावेत, नाहीतर वळताना पीठ मागे ओढ घेते.

पाव गोल आणि उंच होण्याचे सारे रहस्य वरच्या पृष्ठभागावरील ताणात आहे. भाग किंचित चपटा करून त्याच्या कडा मध्यभागी गोळा कराव्यात, चिमटून मिटवाव्यात आणि ती मिटलेली बाजू खाली करून गोळा ओट्यावर ठेवावा. त्यावर तळहाताचा घुमट धरून, करंगळी आणि अंगठा ओट्याला टेकवून, लहान लहान वर्तुळांत हात फिरवावा. ओट्यावर तेल किंवा मैदा अजिबात नको. खालची बाजू ओट्याला जराशी चिकटली तरच वरचा पापुद्रा ताणला जातो. सात-आठ फेऱ्यांत गोळा टणटणीत, गुळगुळीत होतो. वरचा पापुद्रा फाटू लागला तर थांबावे, तो अति ताणला गेला आहे.

डब्याला लोणी लावून तीन-तीनच्या तीन ओळी मांडाव्यात आणि दोन गोळ्यांमध्ये बोटभर जागा ठेवावी. फुगल्यावर ते एकमेकांना भिडतात आणि भाजताना चिकटून लादी तयार होते. भिडलेल्या बाजूंना कवच येत नाही, म्हणूनच पाव सोडवताना तिथे पांढरे, लोकरीसारखे धागे दिसतात.

दुसऱ्या फुगण्याला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो : उष्ण हवेत ३०-४० मिनिटे, थंडीत तासभर. गोळे डब्याच्या काठाच्या थोडे खाली आले आणि बोटाच्या टोकाने दाबल्यावर खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला, की भाजायला घ्यावे. येथे थोडे लवकर घेणे परवडते. उशीर झालेले गोळे उष्णता लागताच बसतात आणि वर सुरकुत्या पडतात. यासाठीच ओटीजी गोळे फुगायला ठेवून १५-२० मिनिटे झाली की तापायला लावावी, पाव तयार झाल्यावर नव्हे.

भाजणे

ओटीजी दोन्ही कॉइल चालू ठेवून २०० अंशांवर किमान १५ मिनिटे तापवावी. तिचा दिवा विझला म्हणजे आतले तापमान स्थिर झाले असे नसते, आणि काट्यावरचा आकडा व आतले तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सहज असू शकतो. आत ठेवण्याचा साधा ओव्हन थर्मामीटर फार महाग नसतो आणि त्याने बराच मनस्ताप वाचतो.

गोळ्यांवर दुधाचा हलका हात फिरवून डबा मधल्या कप्प्याच्या एक घर खाली ठेवावा आणि तापमान १९० वर आणावे. पहिली दहा मिनिटे दार उघडू नये. याच वेळात आतला वायू प्रसरण पावतो आणि यीस्ट मरण्यापूर्वीचा शेवटचा जोर लावते. बाराव्या मिनिटाला रंग पाहावा. वरचा भाग लवकर लाल होत असेल तर वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैल झाकावी. एकूण १८ ते २२ मिनिटांत वर एकसारखा तपकिरी रंग येतो. मधल्या पावात थर्मामीटर खुपसल्यास आतले तापमान ९० ते ९२ अंश भरायला हवे.

बाहेर काढताच वर लोणी फिरवावे. पाच मिनिटांनी लादी डब्यातून काढून जाळीवर ठेवावी, कारण डब्यात राहिल्यास वाफ खाली साचून तळ सादळतो. वर कोरडे सुती फडके टाकल्यास कवच मऊ राहते. पाव पूर्ण निवायला पाऊण तास जातो; गरम असताना सुरीने कापल्यास आतला भाग लगद्यासारखा चिकटतो. हाताने तोडून एखादा खाणाऱ्याला मी अडवणार नाही.

ओटीजी नसल्यास जुना, जाड बुडाचा कुकर चालतो. झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढावीत, आत पाणी घालू नये, तळाला जाडसर मिठाचा थर देऊन त्यावर स्टँड ठेवावा आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. त्यात आठ इंची चौकोनी डबा मावणार नाही. साहित्य निम्मे करून सहा इंची गोल डब्यात चार-पाच गोळे लावावेत आणि मंद आचेवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. वरून उष्णता मिळत नसल्यामुळे पाव फिकटच राहतो. तो उलटून लोणी सोडलेल्या तव्यावर दोन मिनिटे ठेवला की रंग येतो, आणि पावभाजीसाठी तर तसे करायचेच असते. मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शनची सोय असेल तर १८० अंशांवर भाजता येते. नुसत्या मायक्रोवेव्ह लहरींवर पाव होत नाही.

बिघाड ओळखणे

पाव दडस झाला आणि बाजूने फुटला असेल, तर दुसरे फुगणे अपुरे राहिले. उंच फुगून ओव्हनमध्ये बसला असेल, तर ते जास्त झाले. दडस आहे पण फुटलेला नाही आणि आत बारीक, घट्ट जाळी आहे, तर बहुधा मळताना कोरडा मैदा घातला गेला किंवा यीस्ट कमजोर होते. वर करपला आणि आत चिकट राहिला, तर आच जास्त होती. पुढच्या वेळी १८० वर २५ मिनिटे भाजून पाहावे. एका खेपेला एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

टिकवणे आणि पुढची पायरी

घरचा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा पडू लागतो आणि दमट हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यावर बुरशी दिसते. विकतच्या ब्रेडमध्ये बुरशी रोखण्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे परिरक्षक असते. पीठ सुधारण्यासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर मात्र २०१६ मध्ये आपल्याकडे बंदी आली. घरच्या पावात यातले काहीच नसल्याने तो फ्रिजमध्ये ठेवावासा वाटतो, पण फ्रिजच्या तापमानाला पिठूळ द्रव्य (स्टार्च) सर्वांत लवकर घट्ट होते आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो. दोन दिवस पुरेल एवढा पाव घट्ट डब्यात बाहेर ठेवावा, उरलेला निवल्याबरोबर पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये टाकावा. तो महिनाभर चांगला राहतो आणि १५० अंशांवर सात-आठ मिनिटांत पुन्हा मऊ होतो.

लादी दोन-तीन वेळा मनासारखी जमली की त्याच ५४० ग्रॅम पिठाची गुंडाळी करून नऊ बाय चार इंची लांबट डब्यात ठेवावी आणि १८० अंशांवर ३५ मिनिटे भाजावी; सँडविचचा ब्रेड तयार होतो. गव्हाच्या पिठाकडे वळताना मात्र एकदम सगळा मैदा काढून टाकू नये. चक्कीच्या पिठातला कोंडा ग्लूटेनचे धागे कापतो, आणि जात्याच्या दाबाने पिठूळ द्रव्य चिरडले गेल्यामुळे ते पाणीही जास्त पिते. आधी ३०० पैकी ७५ ग्रॅम पीठ गव्हाचे घ्यावे, मैद्याच्या चाळणीने चाळावे आणि पाणी १० ते १५ ग्रॅम वाढवावे. चाळणीत उरलेला कोंडा भाजण्यापूर्वी लादीवर भुरभुरावा.